गोऱ्या भियाचा गोल

जळतो मी त्याच्यावर. सरळच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की हा गृहस्थ आडून आडून बोलतो. माझं वय छप्पन्न. देवासच्या एका शाळेत मुलांना खेळ शिकवतो. उजवा गुडघा कामातून गेलाय आणि बायकोच्या मते डोकंही त्याच वाटेवर आहे. तर मी गेली पंचवीसेक वर्षं अशा एका माणसावर जळतोय जो तिकडे लांब सर्बियात बसलाय, ज्याने फुटबॉल सोडून जमाना झाला आणि जो धारमध्ये उभ्या आयुष्यात फक्त आठ दिवस राहिलाय.

आठ दिवस! मी त्या गावात जन्मलो, शिकलो, अकरा वर्षं गावाच्या टीमचा सेंटर फॉरवर्ड होतो. पण आज धारच्या स्टँडवर उतरून कोणालाही विचारा, फुटबॉल म्हटलं की एकच उत्तर. 'गोरा भिया.' भिया म्हणजे आमच्या माळव्यात भाऊ.

त्याचं खरं नाव तिथे कोणालाच धड म्हणता येत नाही. त्याची गरजही पडत नाही. स्टँडजवळच्या सलूनमध्ये आरशाच्या वर त्याचा फोटो आहे आणि पोरं अजून त्याच्यासारखे मानेवर केस ठेवून घेतात. दर हिवाळ्यात स्पर्धा होते, तिच्या कपाला लोक त्याच्याच नावाने ओळखतात. त्याच्या वाढदिवसाला चौकात केक कापतात. माझ्या वाढदिवसाला माझी बायकोसुद्धा शिरा करायचा विसरते. व्हॉट्सॲपवर त्याच्या चाहत्यांचा एक ग्रुप आहे, त्यात निम्मी मंडळी तो येऊन गेल्यावर जन्मलेली. त्याला खेळताना पाहिलेलं नाही, पण कसा उडी मारायचा ते हातवारे करून सांगतात.

मला वाटलं होतं, नोकरीनिमित्त देवासला आलो म्हणजे यातून सुटलो. कसलं काय! एकदा शाळेची टीम घेऊन सोनकच्छला गेलो होतो. तिथल्या रेफरीने सहज विचारलं, "सर, आप मूल कहाँ के?" मी म्हटलं, धार. गडी एकदम खुलला. "अरे भिया! वो गोरे भिया वाले धार के?" माझी टीम त्या दिवशी तीन गोलांनी हरली आणि मला त्याचं काही वाटलं नाही, इतकं माझं डोकं त्या एका वाक्याने फिरलं होतं.

तो आला कसा, ते सांगतो. तो कोलकात्याच्या एका क्लबात खेळायचा. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा असेल. आमच्या स्पर्धेच्या कमिटीतल्या कोणाची तरी तिकडे ओळख निघाली आणि सुट्टीत दोन मॅच खेळायला म्हणून त्याला धारला आणलं. लॉजवर उतरवला, तर पहिल्याच रात्री पंचाईत झाली. खाट त्याला पुरेना. पाय बाहेर, वर जानेवारीची थंडी. सकाळी साहेब शिंका देत बसलेले. आमच्या बाबांना इंग्रजी उत्तम यायचं, घरात आजोबांच्या वेळचा लांबरुंद पलंग होता, म्हणून कमिटीवाले त्याला सरळ आमच्याकडे घेऊन आले. दारात आल्या आल्या त्याने बाबांच्या गालांचे तीन मुके घेतले. त्यांच्याकडे तशीच पद्धत आहे म्हणे. बाबा आयुष्यात एवढे कधी लाजले नव्हते.

तेव्हा त्याच्या देशाचं नावही आजचं नव्हतं. बाबा भिंतीवरच्या जुन्या नकाशात बोट ठेवून त्याला विचारायचे, हे की हे? तो हसून मान हलवायचा. तिकडे नुकतंच युद्ध झालेलं आणि त्याची आई त्याच वर्षी गेली होती. हे त्याने बाबांना सांगितलं, बाबांनी स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं. संपलं. त्या क्षणापासून माझी आई माझी राहिली नाही.

तिला इंग्रजीचा एक शब्द यायचा नाही. ती त्याच्याशी सरळ आपल्या मराठीत बोलायची, तीसुद्धा तिच्या आजीच्या तोंडची जुनी मराठी. "बाळा, आमटी वाढू का? अनमान करू नकोस हो." आणि तो छातीवर हात ठेवून म्हणायचा, "येस आई." काहीही विचारा, येस आई. आंघोळीला पाणी काढलंय, येस आई. केस कापून घे रे मेल्या, बायकांसारखे वाढलेत, येस आई. दोघांची गाडी या दोन शब्दांवर आठ दिवस झकास चालली. मला तीस वर्षांत जेवढ्या पोळ्या आग्रहाने वाढल्या नसतील तेवढ्या तिने त्याला त्या आठ दिवसांत वाढल्या. पाट त्याला, चांदीचं फुलपात्र त्याला, साईची वाटी त्याला. मी समोर स्टीलच्या ताटलीत जेवायचो. काही बोललं की ठरलेलं उत्तर, "अरे, पाहुणा आहे तो."

कमिटीनेही तेच केलं. माझी नऊ नंबरची जर्सी काढून घेतली. "भिया, वो तो नौ नंबर ही पहनता है, मेहमान है, समझा करो." मी समजलो. अकरा वर्षांचा नऊ नंबर धुऊन, घडी घालून स्वतःच्या हाताने त्याला दिला. तो त्याला इतका आखूड की बेंबी दिसायची. मला मिळाला सोळा, राखीव गोलकीपरचा, काखेत उसवलेला.

फायनलला आई मैदानावर आली. आता हे नीट ऐका. अकरा वर्षांत मला खेळताना बघायला ती एकदाही आली नव्हती. बायकांनी मैदानावर काय जायचं, म्हणायची. मी जिंकून आलो तरी "गुडघा फोडून घेतलास का?" एवढीच चौकशी. पण त्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसून शामियान्यात कमिटीवाल्यांच्या बायकांत पहिल्या रांगेत बसली. मला बघायला यायला तिला सर्बियाचा माणूस लागला.

मॅच एक-एक अशी बरोबरीत. शेवटची पाच-सात मिनिटं उरलेली. आमचं मैदान म्हणजे नुसती धूळ, संध्याकाळच्या उन्हात काही दिसत नव्हतं. डावीकडून कॉर्नर आला. तो आणि मी दोघंही उडालो. तो माझ्याहून वीतभर उंच, पण उडी त्याने जरा लवकर मारली. तो खाली येत होता तेव्हा मी वर जात होतो. बॉल माझ्या कपाळावर बसला, डाव्या भुवईच्या वर, इथे. अजून मला ती जागा बोट ठेवून दाखवता येते. बॉल गेला तो थेट जाळीत.

तो वळला, दोन्ही हात पसरले आणि माझ्याकडे धावत सुटला. मीही हात पसरले. आमच्यात दोन पावलं राहिली असतील, तेवढ्यात अख्खं गाव मैदानात घुसलं आणि त्याला उचललं. माइकवर बसलेल्या गड्याच्या तोंडात आठ दिवस एकच नाव घोळत होतं, तेच बाहेर पडलं. "गोरे भिया ने ठोक दिया! ठोक दिया रे गोरे भिया ने!" भोंगे चार दिशांना. झालं. पुढे कोणाला काय सांगणार?

एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. लोकांच्या खांद्यावरून तो माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी ओरडत होता. लोकांना वाटलं, हात हलवतोय, म्हणून तेही हात हलवायला लागले. तो खोटं बोलला नाही. त्याला कोणी बोलूच दिलं नाही. पण हे कबूल केलं तर मी जळायचं कोणावर?

घरी आलो. आई आमच्या आधी येऊन तबक घेऊन उंबऱ्यात उभी होती. निरांजन, कुंकू, अक्षता. तो पुढे होता. दाराची चौकट लागू नये म्हणून त्याने मान खाली घातली, ती तिच्या पुढ्यातच आली. तिने कुंकू लावलं, ओवाळलं, अक्षता टाकल्या. मी मागे पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होतो. मनात म्हटलं, आता माझी पाळी. उठून उभा राहिलो तर वाऱ्याने निरांजन विझलेलं. आईने माझ्याकडे पाहिलं, तबकाकडे पाहिलं आणि म्हणाली, "पाय धुऊन ये, पानं घेतलीत."

मी पाय धुऊन आलो.

दुसऱ्या दिवशी तो गेला. जाताना आईने आमच्या धारकडच्या बाग गावच्या छापाची एक तांबडी चादर त्याला दिली. ती मुळात माझ्या लग्नासाठी घेऊन ठेवलेली. त्याने अंगातलं निळं जाकीट काढून आईच्या खांद्यांवर घातलं, वाकून नमस्कार केला आणि नुसत्या शर्टात कुडकुडत गाडीत बसला. ते जाकीट आई दर वर्षी लोकरीच्या कपड्यांबरोबर उन्हात टाकायची, कडुनिंबाचा पाला घालून परत ठेवायची. घालायची कोणाला परवानगी नव्हती. दादाने एकदा घालून पाहिलं तर असा काही दम मिळाला की तो आठवडाभर गुपचूप होता. कमिटीने त्याचा लोकांच्या खांद्यावरचा फोटो फ्रेम करून दिला, तो स्वयंपाकघरात लागला. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात एक कोपर आलाय. तो माझा.

तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर आईला सांगून टाकायचं की गोल माझा होता म्हणून. मित्रांना सांगितलं, बायकोला तर इतक्या वेळा सांगितलं की ती आता मध्येच उठून कुकर लावायला जाते. पण आईला नाही. सांगून-सवरून पदरात पाडून घेतलेलं कौतुक काय करायचंय? ती तिथे होती, पहिल्या रांगेत, चष्मा लावून. तिने बघायला हवं होतं. तिने आपण होऊन एकदा म्हणायला हवं होतं की तू मारलास रे. बस्, एवढंच. गाव गेलं खड्ड्यात.

आणि आता ते होण्यासारखं राहिलं नव्हतं. आई चौऱ्याऐंशी वर्षांची. दोन वर्षं झाली, तिला सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. मला कधी दादा समजते, कधी तिचा भाऊ. कधी डोळे बारीक करून अगदी माझ्याच नावाने हाक मारते, तेव्हा मी लगेच जवळ जाऊन बसतो, कारण ते फार वेळ टिकत नाही. जुनं मात्र मध्येच कुठूनतरी वर येतं. आणि जुनं म्हणजे कोण? "गोरा जेवला का रे?"

गेल्या हिवाळ्यात वहिनींचा फोन आला. आईला त्याच सांभाळतात. "भाऊजी, एक गंमत सांगू? शनिवारी दुपारी गोरा भिया व्हिडिओ कॉल करणार आहे! त्या ग्रुपवरून मीच त्याला मेसेज टाकला, आई आठवण काढतात म्हणून. लगेच उत्तर आलं. तुम्ही येताय ना? इंग्रजी बोलायला कोणीतरी हवं, हे गावाला गेलेत."

पोटात जे दुखायला लागलं ते शनिवारपर्यंत थांबलं नाही. दुभाषा व्हायला बोलावलं होतं मला! पण रात्री पडल्या पडल्या एक विचार आला. तो सांगेल. तो त्या गोलाच्या वेळी माझ्या शेजारी हवेत होता. आईपुढे त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं. त्याचं ती ऐकेल, त्याचं ती नेहमीच ऐकते. आईची समज अजून थोडीफार शिल्लक आहे तोवर हे झालं पाहिजे, नाहीतर कधीच नाही.

देवासहून इंदूर आणि इंदूरहून धार, सगळ्या वाटेत मी इंग्रजी वाक्य घोकत होतो. प्लीज टेल माय मदर, हू स्कोअर्ड द गोल. दुसऱ्या बसमध्ये माझ्या खिडकीची काच बंद होईना आणि वाटेत एका धक्क्यासरशी चहाचा अख्खा कप स्वेटरवर. घरी पोचलो तो दात वाजत होते. वहिनींनी स्वेटर ओढूनच घेतला आणि बादलीत टाकला. मग कपाटातून ते निळं जाकीट आणून पुढ्यात धरलं.

"ते नको."

"दुसरं काही तुमच्या अंगाला बसणार नाही. यांचे स्वेटर तुम्हाला बेंबीपर्यंत येतील."

"आई ओरडेल."

"आईंना आता काय कळतंय! घाला, नाहीतर बसा कुडकुडत."

घातलं. बाह्या दुमडाव्या लागल्या. कडुनिंबाचा वास येत होता आणि, लाज सोडून सांगतो, उबदार होतं.

बरोबर वेळेवर फोन वाजला. वहिनींनी तो आईच्या मांडीवरच्या उशीला टेकवला. पडद्यावर आला तो पार टकला, दाढी पिकलेली, पोट सुटलेला माणूस. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! मागे कोचावर आमची बागची चादर पसरलेली. माझ्या लग्नाची. रंग अजून जसाच्या तसा.

"आई!" तो ओरडला. लगेच छातीवर हात.

आईने फोनकडे पाहिलं, मग वहिनींकडे. "हा कोण गं? पोट केवढं सुटलंय याचं."

"आई, अहो गोरा! तुमचा गोरा!"

"चल, काहीतरीच. तो कसा सडसडीत होता. चादर मात्र चांगली आहे हो. बागची दिसते." एवढं बोलून तिने मान फिरवली आणि चहा झाला का म्हणून विचारलं.

मी त्याचं भाषांतर केलं नाही. पण त्याला समजलं असावं. त्याने नाक पुसलं, मग माझ्याकडे बघून म्हणाला, ते माझं जाकीट आहे ना? आपण कोण? मी माझी ओळख सांगितली. मुलगा. टीममध्ये होतो. तो आठवत राहिला आणि एकदम उजळला. "नंबर नाइन! तू मला तुझा शर्ट दिलास, फार घट्ट होता!" आणि खो खो हसला. मी म्हटलं, हीच वेळ आहे. घोकलेलं वाक्य टाकलं. म्हटलं, फायनलचा तो शेवटचा गोल, माझ्या आईला सांग, तो कोणी मारला.

तो विचारात पडला. खरोखर आठवायचा प्रयत्न करत होता, तोंडावर दिसत होतं. मग म्हणाला, मित्रा, मला माफ कर, गोल आठवत नाही. इतक्या मॅचेस झाल्या. ती मॅच आपण जिंकलो होतो का? मला तुझी आई आठवते. दुसरं काही आठवत नाही.

आणि रेंज गेली.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. ज्या गोलासाठी मी पंचवीस वर्षं रक्त आटवलं तो या माणसाला आठवतही नव्हता! सगळं गाव त्याच्या नावावर करून बसलंय आणि हा विचारतो, जिंकलो होतो का? चोरी केली असती तरी चाललं असतं, निदान मालाची किंमत तरी ठेवली असती!

आई झोपली. मी पुढच्या खोलीत येरझाऱ्या घालत होतो. वहिनी मटार सोलत बसल्या होत्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "भाऊजी, काय झालंय एवढं?"

"तो गोल माझा होता."

"बरं."

"बरं काय? माझा होता! माझ्या डोक्याने गेला!"

"अहो, असेल ना. मी कुठे नाही म्हणतेय? मग आईंना सांगा जाऊन. माझ्यावर काय ओरडता?"

मी मूठभर मटार उचलले आणि खात बसलो. वहिनींनी भांडं माझ्यापासून लांब सरकवलं.

चार वाजता आईच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. वहिनींनी चहा केला, मी घेऊन आत गेलो. खिडकीतून ऊन थेट तिच्या पलंगावर आलं होतं. ती उठून बसली होती, केस मागे सारत होती. मला पाहिलं आणि तिचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, ओळखलं. आज ओळखलं.

"आलास बाळा! केव्हा आलास? जेवलास का?"

मी तिच्या जवळ बसलो. तिने हात पुढे करून माझ्या बाहीवरून फिरवला, दुमडलेली बाही उलगडली, सारखी केली.

"हे बरं केलंस, घातलंस ते. मी जपून ठेवलं होतं तुझ्यासाठी. इतक्या लांबून आलास, थंडीत."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आलेला मी नव्हतोच. तोंड उघडून म्हणणार होतो, आई, अगं मी आहे. पण तिने माझा हात धरला आणि दाराकडे पाहून आवाज खाली आणला.

"तुला एक सांगायचं होतं रे. रागावणार नाहीस ना? तो गोल तू नाही मारलास."

माझ्या हातात कप होता, तो मी खाली ठेवला.

"माझ्या मुलाने मारला. मी बघत होते ना. तू आधी उडालास, तो मागून आला. कपाळावर घेतला त्याने, इथे." आणि तिने तिच्या डाव्या भुवईच्या वर बोट ठेवलं. "सगळी लोकं तुझं नाव घेऊन ओरडायला लागली. मी त्या बायकांना सांगत होते, अहो, माझा मुलगा तो. कोण ऐकतंय? मग घरी आले, म्हटलं, त्याला ओवाळते. निरांजन त्याच्यासाठी लावलं होतं रे. पण तू पुढे आलास आणि मान खाली घातलीस. पाहुण्याला बाजूला हो कसं म्हणू? त्यात तुला आई नाही. तुला ओवाळलं आणि वात विझली. विझलेलं निरांजन घेऊन का कोणी लेकाला ओवाळतं? म्हटलं, रात्री ओवाळीन. रात्री तू होतास. सकाळी ओवाळीन म्हटलं, तर तो फुगून बसलेला, बोलेचना. मग राहिलंच ते."

माझा हात तिने सोडला नव्हता.

"त्याला कोणी काही म्हणालं नाही. फार अभिमानी आहे, आपण होऊन सांगायचा नाही. अजून फुगलाय. तो आला ना, की आधी त्याला ओवाळणार आहे मी. तू मागे उभा राहा हं या वेळी. राहशील ना?"

मी छातीवर हात ठेवला.

"येस आई," मी म्हटलं.

ती समाधानाने हसली आणि उशीला टेकली. मी बाहेर आलो, जाकीट काढलं, घडी घातली, वहिनींच्या हातात दिलं. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"वहिनी, निरांजन कुठे आहे?"

"आत्ता? देवापाशी असेल. का हो, कोणाला ओवाळायचंय?"

"मला," मी म्हटलं. "लवकर लावा, ती जागी आहे तोवर."